उल्का वहिनींना किचनमध्ये बसवलं तो दिवस

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या मराठी बायकांत नेत्राच्या शब्दाला वजन होतं. इराणमध्ये केस दिसले म्हणून मुलींना पकडून नेतात, हे ऐकून तिचं रक्त खवळलं. ऑफिसातल्या इराणी महनाजबरोबर ती कडाक्याच्या थंडीत मोर्चाला गेली, सगळ्यांदेखत आपल्या केसांची बट कापली. हातातला फलक तिच्या थोरल्या जाऊबाईंनी, उल्का वहिनींनी, रंगवून दिला होता. नेत्राने फोटो इतक्या ग्रुपवर टाकले की लोकांनी तिला म्यूट केलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने महनाजला हौसेनं बोलावलं. उल्का वहिनीही आल्या, नव्या साडीत. दीर जाऊन दोन वर्षं झाली होती. नेत्रा त्यांना वाईट काही बोलली नाही, छे! ती शहाणी बाई. एवढंच म्हणाली, "वहिनी, प्लीज जरा किचन सांभाळाल? मला एकटीला मॅनेज होत नाहीये."

वहिनींनी साडीवर एप्रन बांधला.

नेत्राने महनाजला हळदीकुंकू लावलं, वाणाची डबी हातात दिली.

"उल्काला कधी?" महनाजने इंग्रजीत विचारलं. "फलक तिनेच केला ना?"

नेत्रा वाणाच्या डब्या सरळ करू लागली. शेजारच्या मालिनीकाकूंना मात्र समजावून सांगायची कोण हौस! "इट्स अवर कस्टम. ओन्ली मॅरिड लेडीज. तिचा हजबंड गेला ना."

महनाजचा हात कपाळाकडे गेला. "माझा तर डिव्होर्स झालाय, नेत्रा. तुला माहीत आहे." मग हळूच म्हणाली, "आमच्याकडेही आधी पोलीस येत नाहीत. आधी घरातलीच कुणी बाई प्रेमाने सांगते, तू आत बस."

नेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करंडा घेऊन ती किचनमध्ये धावली. वहिनी चहा गाळत होत्या; बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं. नेत्राचं बोट कपाळापर्यंत पोहोचलं आणि त्यांनी तोंड बाजूला केलं.

"आता नको गं."

"वहिनी, माझं चुकलं."

"दारात लावलं असतंस तर घेतलं असतं. आता ती बाई बोलली म्हणून लावतेयस." त्यांनी कपांचा ट्रे तिच्या हातात दिला. "जा, गार होईल."

नेत्रा ट्रे घेऊन बाहेर आली. महनाजने कप उचलला नाही. ती उठून किचनमध्ये गेली आणि वहिनींच्या शेजारी स्टुलावर बसली. बाहेर चाळीस बायका होत्या. एकीच्याही तोंडाकडे बघायची नेत्राची हिंमत झाली नाही.