पहिल्या मजल्यावरची भरताची भट्टी

"वांगं आत येणार नाही," अक्का म्हणाल्या. "चंपाषष्ठीच्या आधी तर नाहीच."

मी त्यांच्या नव्या किचनमध्ये उभा होतो. डोक्यावर मी बसवलेलं स्टीलचं हूड चकाकत होतं. खाली लांबलचक भट्टी तयार होती. चाचणी घ्यायची होती ती भरताची वांगी भाजायच्या भट्टीची आणि वांग्यालाच प्रवेश नव्हता.

अक्कांचा नियम मला माहीत होता. आषाढात वांगं दुकानातून बाहेर जातं आणि चंपाषष्ठीला परत येतं. मधले महिने वरण-बट्टी आणि उडदाची डाळ. चंपाषष्ठीला मात्र सकाळपासून रांग लागते, अर्धं जळगाव भरीत खायला येतं. यंदा तो दिवस सहा दिवसांवर होता.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, कारण मला ते आवडतं. मी धुराचा माणूस आहे. हॉटेलांच्या किचनमधला धूर बाहेर काढणं हा माझा धंदा. एमआयडीसीत माझं पत्रेकामाचं वर्कशॉप आहे. हूड म्हणजे चुलीवर टांगलेलं उलटं टोपलं, ते धूर पकडतं. डक्ट म्हणजे पत्र्याचा बोगदा, तो धूर गच्चीवर नेतो. आणि ब्लोअर म्हणजे गच्चीवर बसून तो धूर ओढून घेणारा मोठा पंखा. एवढं समजलं की माझा निम्मा धंदा तुम्हाला कळला.

अक्कांचा रस्ता मी पाट्यांवरून ओळखत नाही, डक्टवरून ओळखतो. तिथल्या एका गाळ्यात मी सात वर्षांत चार किचनं उभी केली. आधी चायनीज, मग पिझ्झा, मग मोमो, आता वॅफल. भाडं वाढतं, करार संपतो, एक जातो, दुसरा येतो. जाणाऱ्याचं हूड उतरवायला मी आणि येणाऱ्याचं चढवायलाही मीच. उतरवताना चेहरा पाडावा लागतो. मला तो उत्तम पाडता येतो.

अक्का मात्र बावीस वर्षं तळमजल्यावर होत्या. मागे मोकळं अंगण, त्यात भट्टी. धूर कुठे जातो हे कोणी विचारलं नव्हतं. मूळच्या त्या सोनगीरकडच्या. बोलायच्या आपल्यासारखंच, पण रागावल्या की अहिराणीवर यायच्या, आणि मग समोरच्याने खाली बघायचं असतं.

यंदा इमारतीचे मालक भूषणशेठ यांनी तळमजला बुटांच्या एका मोठ्या ब्रँडला दिला. अंगणात पार्किंग झालं. भूषणशेठ वाईट माणूस नाही. त्यांच्या वडिलांपासून अक्कांशी घरोबा. त्यांनी अक्कांना परवडेल अशा भाड्यात पहिला मजला देऊ केला, पण अट घातली. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. त्यांच्या वेटिंगरूममध्ये धूर गेला तर अक्कांनी महिनाअखेर जागा सोडायची. एक कॅफेवाला जास्त भाडं घेऊन तयारच बसला होता.

"डोळ्यांचा पेशंट आधीच रडत येतो, त्याला अजून काय रडवायचं?" भूषणशेठ म्हणाले.

मी ऐटीत सांगून टाकलं, धूर माझी जबाबदारी. लिहूनही दिलं. अशी वाक्यं मी चहा पिऊन झाल्यावर बोलतो, ही माझी जुनी खोड आहे.

काम छान झालं होतं. कपाशीच्या सुक्या काड्या पेटवून पहिली चाचणी घेतली. धूर सरळ वर, हुडात, डक्टमध्ये, गच्चीवर, आणि तिथून थेट आकाशात. भूषणशेठनी हात मिळवला. मी टाळ्यांची वाट पाहिली, त्या आल्या नाहीत.

पण मनात एक खडा राहिला. सुक्या काड्यांचा धूर गरम आणि हलका असतो, तो स्वतःच्या पायाने वर जातो. भरताचं वांगं म्हणजे पाणी. साल फुटते, रस निखाऱ्यांवर गळतो, आणि जो ओला, जड धूर उठतो तो वर जायचं सोडून आडवा लोळतो. तो पाहिल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चार वांगी आणली. यावलकडची हिरवी, लांबट. टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या खाली. वर फडकं टाकलं. अक्का खुर्चीत बसून डाळ निवडत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टूलबॉक्सकडे.

"हाई काय शे, भाऊ?"

"नवीन पाना आहे, अक्का."

त्या उठल्या. फडकं बाजूला केलं आणि दोन बोटांनी एक वांगं उचललं.

"तुना पानाले देठ शे का?"

मी खाली बघितलं. भट्टीपाशी भाकरीसाठी कळणा, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, चाळणाऱ्या बायका हसू दाबत होत्या. अक्कांनी मला वांग्यांसकट खाली पाठवलं आणि हात धुऊनच वर ये म्हणून सांगितलं. मी धुतले.

वर आल्यावर मी त्यांना खरी भीती सांगितली. आज चाचणी नाही झाली तर पहिला ओला धूर थेट चंपाषष्ठीला निघेल, दुकान भरलेलं असताना, डॉक्टर वर असताना. अक्कांनी डाळीचं ताट खाली ठेवलं.

"मी खाली जागा सोडली, पण रस्ता नाही सोडला," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक मला इथे शोधतं. हायवेला गेले तर कोण येईल?"

मग एकदम विचारलं, "वांग्याइतकं पाणी कशात असतं?"

आणि स्वतःच उत्तर दिलं. दुधी.

तासाभरात बारा दुधी आले. आम्ही ते काड्यांच्या आगीवर आडवे घातले. मी ब्लोअर सुरू केला, दार लावलं आणि नाटकाचा पडदा उघडल्यासारखा मागे सरकलो.

साल फुटली, पाणी गळलं, आणि धूर हुडाच्या काठाखालून निवांत बाहेर पडला. आधी माझ्या तोंडावर आला. मग किचनभर पसरला, दार उघडताच जिन्यात शिरायच्या तयारीत.

"बठ्ठा धूर मन्हाच घरमा," अक्का खोकत म्हणाल्या. सगळा धूर घरातच, हे मलाही दिसत होतं.

भूषणशेठ धावत वर आले. त्यांचं म्हणणं, मोठा ब्लोअर लावा. मीही तो मागवायला फोन काढला होता. तेवढ्यात अक्का श्वास घ्यायला बाहेर निघाल्या आणि त्यांना दार उघडेना. त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर ढकललं.

"बाहेरून कोणी धरलंय का?"

कोणी धरलं नव्हतं. मी फोन खिशात ठेवला.

याला आमच्याकडे मेकअप एअर म्हणतात. पावडर-लिपस्टिकशी संबंध नाही. सोप्या भाषेत भरपाईची हवा. जितकी हवा बाहेर ओढायची तितकी आत यायला हवी. आत येत नसेल तर पंखा नुसता गरगरतो आणि दारं-खिडक्या आत ओढून धरतो. दार उघडत नव्हतं म्हणजे खोली श्वासासाठी तडफडत होती. मोठा ब्लोअर लावला असता तर दार अजून घट्ट बसलं असतं.

पण हवा अडली कुठे? रस्त्याकडे चार खिडक्या होत्या. मी उघडल्या. समोर पत्रा. बुटांच्या ब्रँडने पूर्ण इमारतीच्या तोंडावर चकचकीत काळं पॅनेल चढवलं होतं, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांवरूनही. आतून खिडकी, बाहेरून भिंत. मी मापं घेताना खिडक्या मोजल्या होत्या, उघडून पाहिल्या नव्हत्या. तीस वर्षांच्या अनुभवाची ही चूक. लिहिताना अजूनही कान गरम होतात.

पॅनेल कापू, मी म्हणालो. भूषणशेठचा चेहरा उतरला. बुटांच्या ब्रँडशी झालेल्या करारात स्पष्ट लिहिलं होतं, दर्शनी भागाला भोक पडणार नाही.

मी खाली रस्त्यावर गेलो आणि समोरच्या फुटपाथवरून पाऊण तास ती इमारत बघत राहिलो. शोरूममधला मुलगा दोनदा विचारून गेला, सर, बूट दाखवू का. मग दिसलं. पॅनेल भिंतीला चिकटलेलं नव्हतं. लोखंडी चौकटीवर होतं आणि मागे चार बोटांची पोकळी होती. खालून ती एका पट्टीने बंद केली होती, धूळ जाऊ नये म्हणून.

ती पट्टी काढून आम्ही तिथे काळी जाळी लावली. रस्त्यावरून दिसत नाही. वर खिडक्यांच्या काचा काढल्या आणि हवा भट्टीच्या पायाशी उतरेल असे पत्रे बसवले. पॅनेलला खिळादेखील लागला नाही. भूषणशेठनी करार दोनदा वाचला आणि मान हलवली.

पुन्हा बारा दुधी. पुन्हा दार बंद. या वेळी ओला धूर उठला, लोळायला लागला, आणि खालून आलेल्या हवेने त्याला उचलून हुडात नेऊन घातलं. दार एका बोटाने उघडलं. अक्कांनी ते मुद्दाम तीनदा उघडून पाहिलं.

चंपाषष्ठीला सकाळी वांगी वाजतगाजत वर आली. रांग जिन्यावरून खाली, बुटांच्या काचेपुढून वळून पार्किंगपर्यंत. मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर उभा राहून नाक वर करून हुंगत होतो. भूषणशेठ तर डॉक्टरांच्या वेटिंगरूममध्येच जाऊन बसले होते, नंबर लावून. त्यांनी डोळे तपासूनही घेतले. चष्मा लागला.

दीड वाजता डॉक्टर खाली आले. अक्कांचा हात कळण्याच्या पिठात थांबला. डॉक्टरांनी दारातून डोकावून विचारलं,

"अक्का, तुमची भट्टी आज सुरू होणार होती ना? वर तर काही कळलंच नाही."

तोपर्यंत भरताच्या सहा काठवटी रिकाम्या झाल्या होत्या. अक्कांनी त्यांना बसवलं, केळीच्या पानावर भरीत वाढलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या पानावर न मागता दुसऱ्यांदा भरीत पडलं. मला आजवर मिळालेल्या सर्टिफिकेटांमध्ये हे सगळ्यात वरचं.

संध्याकाळी भूषणशेठनी धुराची अट खोडून तीन वर्षांचा करार केला. त्यानंतर त्याच रस्त्यावरच्या दोन जुन्या खानावळींनी मला बोलावलं. त्यांचाही तळमजला सुटतो आहे, त्यांनाही रस्ता सोडायचा नाही. त्यांची किचनं आता पहिल्या मजल्यावर उभी राहताहेत.

या सगळ्यातून मी शिकलो ते थोडक्यात. खिडकी मोजायच्या आधी उघडून बघावी. आणि भट्टीची परीक्षा सुक्या काड्यांवर घेऊ नये. माझ्या वर्कशॉपच्या कोटेशनमध्ये आता शेवटची ओळ ठरलेली असते: चाचणीसाठी बारा दुधी, ग्राहकाने पुरवावेत. वॅफलवाला का म्हणून विचारत होता. मी सांगितलं, कंपनीचा नियम आहे.