मागे बांधलेले हात

ताश्कंदमधल्या दुसऱ्याच दिवशी बाजार पाहून परतताना आम्ही नवरा-बायको रस्ता चुकलो. मोबाइलची बॅटरी संपली होती. फुटपाथवरच्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्याला मी हॉटेलचं कार्ड दाखवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि बायकोची जड पिशवी घ्यायला हात पुढे केला. मी पिशवी झटकन मागे ओढली आणि कमरेचं पाऊच मुठीत धरलं.

तो वळला. हात मागे बांधून पुढे चालू लागला. दर वळणावर थांबून तो आमची वाट बघायचा, आणि मी दर वळणावर पाऊच चाचपायचो.

आमच्या कुरुंदा गावात परक्यानं कुणाचं घर विचारलं, तर मी शिजती हळद गड्यावर सोपवून त्याला दारापर्यंत पोचवतो. ते त्या वेळी आठवलं नाही.

हॉटेल दिसल्यावर मी नोट काढली. त्यानं मान हलवली. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझं घर इकडंच आहे." आणि आलो त्याच रस्त्यानं परत निघाला.

बायको त्याच्याकडे बघत उभी राहिली. "तो हात मागं बांधून काहून चालत व्हता, कळलं का?"

"म्हातारी माणसं चालतात तशी."

"न्हाई. तुमी पिशवी ओढली, तवापासून."

मी वळून पाहिलं. तो बराच लांब गेला होता. त्याचे दोन्ही हात आता मोकळे हलत होते.