हत्तीमागचे आजोबा

पुंडलिकनगरात मी बालवाडी चालवायचे, तेव्हा प्रत्येक पोराच्या वाढदिवसाला हातानं कार्ड करून द्यायचे. दुकानातली कार्डं मला कधी पटलीच नाहीत. तीच गुलाबाची फुलं नि तेच चकचकीत इंग्रजी. घरात जुन्या लग्नपत्रिकांची पिशवी भरलेली असायची. रंगीत कागदाला खळ लावायची, त्यावर पत्रिका पालथी दाबायची. कोऱ्या बाजूला शुभेच्छा लिहायच्या, रंगीत बाजूला चित्र. झालं कार्ड.

त्या दिवशी एका पोरीला हत्ती दिला होता. पाच वर्षांची झाली ती. तिच्या आधीची दोन लेकरं आईच्या हाताला लागली नव्हती, म्हणून हिला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. गळ्यात ताईत, दंडाला काळा दोरा. पोर नुसती शिंकली तरी आई मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची. कार्ड घेऊन पोर नाचतच घरी गेली.

दुपारी दुसऱ्या कार्डासाठी पत्रिका हव्या होत्या, म्हणून पिशवी उपसली नि छातीत धस्स झालं. माझ्या वडिलांच्या तेराव्याची पत्रिका मी त्यातच लपवून ठेवली होती. असली पत्रिका घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. मला फाडवली नव्हती, त्यांचा फोटो होता त्यावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले माझे वडील. ते काय जायचं वय होतं? पिशवी दोनदा पालथी केली. पत्रिका नाही. मग आठवलं, हत्तीचं कार्ड चांगलं जाड झालं होतं; तीही त्यातच चिकटली असणार.

अगं बाई! वाढदिवसाला तेरावा दिला मी त्या पोरीला! आईनं पाहिलं तर ती बिचारी जन्मभर धास्तीत राहील. लेकीला साधा ताप आला तरी तिला ते कार्डच आठवेल. काहीही करून ते परत आणायचं होतं.

चपला अडकवल्या नि रिक्षात जाऊन बसले. आणखी दोन माणसं मिळाल्याशिवाय रिक्षावाला हलायला तयार नाही. "दो सवारी हौर आने दो, बाजी," म्हणे. मी त्याच्यावर अशी खेकसले, की त्यानं निमूट रिक्षा काढली. पोरीचं घर मुकुंदवाडी स्टेशनपाशी; तिथवर मी मनात थापा जुळवत होते. स्पेलिंग चुकलंय म्हणू? दुसरं मोठं कार्ड देते म्हणू? एकही धड जमेना.

दारात पोरगीच भेटली, हातात वाटी. "बाई, मी हत्तीला पाणी पाजलं, तर त्याच्या मागून आजोबा निघाले!"

मी तशीच घरात घुसले. आत तिची आई पलंगावर बसली होती. मांडीवर ओलं कार्ड, रंगीत कागद निघून आलेला, आणि टोपी घातलेले माझे वडील माझ्याकडं बघतायत.

"फाडायला घेतलं होतं," ती म्हणाली. "कोण हे, बाई?"

"माझे वडील." थापा कुठल्या कुठं गेल्या. "माझी चूक झाली हो. दिसलंच नाही मला." आणि मला रडूच फुटलं, एवढी मोठी बाई मी.

पत्रिकेवरचा वयाचा आकडा पाण्यानं पुसला होता. तिथं बोट ठेवून तिनं विचारलं, "किती वर्षांचे होऊन गेले?"

"ब्याण्णव," मी म्हणाले.

"मिशा तर काळ्या दिसतात."

"कलप लावायचे. लई हौशी माणूस."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. तिनं पदरानं फोटो टिपला. "मग राहू द्या आमच्याकडंच. तुमच्या वडलांचं आयुष्य लागू दे माझ्या लेकीला."

आता कोणतं आयुष्य लागणार, माझ्या तोंडातलं की त्यांचं खरं? येताना रिक्षात बसवेना, चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी ती पोर हजेरीला "हजर" म्हणेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती पोर आता स्वतः आई झालीय. वडील किती वर्षांचे होऊन गेले असं कुणी विचारलं, तर मी अजून ब्याण्णवच सांगते, भावासमोरसुद्धा. तो मला वेड्यात काढतो. काढू दे.