झऱ्याशेजारची मंजिरी

डॉ. जयंत बर्वे लीड्सच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांच्या छातीचे एक्स-रे पाहत होते. रिटायर झाल्यावर इथली माणसं बागकाम करतात किंवा गुडघे बदलून घेतात. जयंतरावांनी एकोणिसाव्या शतकात जायचं ठरवलं. त्या काळी औषधी पाण्याच्या झऱ्यांचे फोटो काचेवर काढत, तसेच आपणही काढायचे. लाकडी कॅमेरा, काचा, केमिकलच्या बाटल्या आणि अंधारात काच धुवायला काळा तंबू गाडीत कोंबून ते दर वीकेंडला यॉर्कशरभर हिंडू लागले. तंबू धरायला अर्थातच त्यांची बायको, मंजिरीताई.

त्या केमिकलने घरच्या बाथटबवर काळे डाग पडले, ते कशानेच जाईनात. जयंतरावांची बोटंही कायमची काळी झाली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्या हातून प्रसाद घेताना लोक आधी मोदकाकडे निरखून बघत. घरात भिंतीभर झरे लागले. वाहतं पाणी काचेवर कापसासारखं कसं उमटतं, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहा गार होईपर्यंत सांगत.

मंजिरीताईंनी एकच गोष्ट मागितली होती, तीही आमच्या घरी, माझ्यासमोर. "अहो, माझा एक धड फोटो काढा. उद्या हार घालायची वेळ आली तर तनू माझा पासपोर्टचाच फोटो मोठा करून लावेल." तनू त्यांची मुलगी, आणि ती खरंच तसं करेल. जयंतरावांनी शांतपणे समजावलं की पोर्ट्रेट हा त्यांचा विषय नाही. मला इतका संताप आला की मी त्यांचा चहा मुद्दाम बिनसाखरेचा केला.

पुढे फोटोक्लबने त्यांच्या काचा प्रदर्शनासाठी नाकारल्या. जुन्या फोटोंत झऱ्यापाशी माणसं असतात, तुमच्यात कुणीच नाही, असं कारण दिलं. माणसं कुठून आणायची? मराठी मंडळ कशाला आहे! पिकनिकच्या आमिषाने आम्ही सगळे गेलो. गंजक्या खिळ्यासारखं लागणारं ते पाणी जयंतरावांनी आम्हाला कौतुकाने पाजलं.

मग रांग लावली. बारा सेकंद कुणी हलायचं नाही, अशी तंबी दिली. मंजिरीताईंना कडेला, झऱ्याच्या दगडाशी उभं केलं, म्हणजे झऱ्याची उंची कळेल. जयंतरावांनी लेन्सचं झाकण काढलं आणि नेमकं तेव्हाच रघुवीरकाकांच्या लक्षात आलं की वैभवीच्या सासूबाई मागे राहिल्यात. त्यांनी सासूबाईंना पुढे यायला सांगितलं. त्या नको म्हणाल्या. मग सगळी रांगच एकमेकांना पुढे व्हायचा आग्रह करू लागली. एरवी बुफेच्या रांगेत आम्ही असे वागत नाही.

काच धुतली तेव्हा आमच्या जागी नुसतं धुकं होतं. रघुवीरकाकांना दोन डोकी आली होती. मंजिरीताई मात्र स्वच्छ उमटल्या होत्या, साडीचे काठ, टिकली आणि हातातल्या डब्यांच्या पिशवीसकट. 'जरा थांब' हे शब्द त्यांनी संसारात इतके ऐकलेत की बारा सेकंद त्यांना काहीच नव्हते.

क्लबला ती काच फार आवडली. उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. काचेखालचा मजकूर जयंतरावांनी स्वतः लिहिला होता. आधी झऱ्याचं नाव, मग पाण्यातले क्षार आणि शेवटी, 'उजवीकडील व्यक्ती प्रमाणासाठी.' क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी ही सुंदर स्त्री कोण म्हणून विचारलं, तर जयंतराव पाण्यातल्या लोहाबद्दल बोलू लागले.

मंजिरीताईंनी चष्मा लावून मजकूर वाचला.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पट्टी उभी करा."

मग त्यांनी खिळ्यावरून काच काढली, शालीत गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. प्रदर्शन महिनाभर आहे, असं म्हणत जयंतराव पार्किंगपर्यंत मागे गेले.

आता ती काच त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. मंजिरीताईंनी तिला नवी फ्रेम करून घेतली, हार घालता येईल अशी. झरा फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली गेला.