मकसूदभाईंची पेन्सिल

बुधवार पेठेतल्या त्या फोटो स्टुडिओत मी काउंटरवर बसायचे आणि आतल्या खोलीत मकसूदभाई निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. खाली दिवा, वर काच, काचेवर निगेटिव्ह आणि हातात बारीक टोक काढलेली पेन्सिल. मुरुमं, डाग, वण, सगळं गायब. मुलींच्या आया माझ्या कानाशी लागायच्या, "जरा उजळ करा हं. तशी गोरीच आहे ती." अहो, गोरीच आहे तर कुजबुजता कशाला? पण मी आपली "हो, करू" म्हणायचे.

मकसूदभाईंची एकुलती एक लेक हुस्नबानू. आई लवकर गेली. लहानपणी देवी आल्या, त्यातून पोर वाचली, पण तोंडभर वण राहिले. हुस्न म्हणजे सौंदर्य, म्हणून तिच्या नावावरून मोहल्ल्यातल्या बाया फिदीफिदी हसायच्या, मेल्या! रस्त्यानं ती ओढणी नाकापर्यंत ओढूनच चालायची. दुपारी डबा घेऊन आली की आतल्या खोलीत जाऊन ओढणी मागे टाकायची, आणि मकसूदभाई तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणायचे, "आली माझी चांदणी."

बहात्तर साली तिचा फोटो दोन घरांतून परत आला. मग सोलापूरच्या एका स्थळाला पाठवताना मकसूदभाईंनी तिच्याच निगेटिव्हवर पेन्सिल चालवली.

मी चिडले. "भाई, ती माणसं येताना डोळे काय घरी ठेवून येणार आहेत?"

"एकदा उंबऱ्याच्या आत तर येऊ देत, मंदाताई. तिच्या हातचं खातील, तिच्याशी बोलतील. मग वण कोण बघतंय?"

पाहुणे आले त्या दिवशी मी मदतीला गेले होते. बानू चहा घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं कप घेतला आणि अगदी मायेनं विचारलं, "तू धाकटी का गं? ताईला पाठव की बाहेर."

बानू जागची हलली नाही. बाई गोंधळल्या. त्यांनी पिशवीतून फोटो काढून बानूच्याच हातात दिला. "ही बघ, ही."

बानू बघत राहिली. ओढणी तिची, कानातल्या आईच्या रिंगा तिच्या. गाल मात्र गुळगुळीत.

"ही इथं राहत नाही," ती म्हणाली.

पाहुण्यांनी कप तसेच खाली ठेवले. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंत हो." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाईट बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं!

दार लागलं. मकसूदभाई "बेटा" म्हणत पुढे झाले. बानूनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. बापासमोर, पहिल्यांदाच.

"अब्बा," ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला ते वण दिसतच नाहीत."

मी कप गोळा करायला लागले.