खंदकातली आंबाडी

उदगीरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. वर्गात युद्धकथा इतक्यांदा शिकवल्या, की सैनिकाचं मन आपल्याला तोंडपाठ आहे असा माझा समज झाला होता. गेल्या वर्षी दिवाळी अंकासाठी मीही तशीच एक कथा लिहिली. मात्र फौजेतून निवृत्त झालेल्या थोरल्या भावाने हो म्हटल्याशिवाय ती पाठवायची नाही, असं ठरवलं. लढाईवर तो होता, मी नव्हतो.

दादा देवणीला राहतो, गाई पाळतो. गोठ्याबाहेर बाजेवर बसून मी वाचत होतो आणि तो गाय धूत होता. माझा जवान तोफांच्या माऱ्यात मातृभूमीशी पानभर बोलला आणि डोळे पुसून उठला.

"गडी लई बोलून राहिलाय," दादा म्हणाला. "गोळे पडताना एवढा दम कुठून आणला त्यानं?"

मला राग आला. मास्तर माणूस मी, दुसऱ्याच्या चुका काढायची सवय, आपल्या ऐकून घ्यायची नाही. "मग तू काय करत होतास?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"भांडत व्हतो."

खंदकात त्याचा जोडीदार धर्माबादकडचा, घरी तेलुगू बोलणारा. वर गोळे पडत होते आणि हे दोघे आंबाडीवरून हमरीतुमरीवर आले होते. दादाचं म्हणणं, आंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून भाजीच करावी. जोडीदाराचं म्हणणं, लोणचं सोडून तिचं दुसरं काही करणं म्हणजे पाप. मी पोट धरून हसलो. मग विचारलं, "अन् भीती?"

"लई. गप बसलं की हात कापायचे. म्हणून तर भांडत व्हतो."

तो पुन्हा गाईची पाठ घासू लागला. मला माझ्या पानभर भाषणाची लाज वाटली आणि खरं सांगतो, आनंदही झाला. इतकी आपल्या घरातली गोष्ट मी पुस्तकांत शोधत बसलो होतो.

आठवडाभरात कथा नव्याने लिहिली. भाषण गेलं, भांडण आलं, कापणारे हातही आले. तिथेच धाकधूक होती. गावाने ज्याला शूर म्हणून फेटा बांधला, त्याचे थरथरते हात छापायचे? पुन्हा देवणी गाठली. या वेळी दादाने शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही टोकलं नाही.

"हातांचं काढू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे." त्याने घराकडे पाहिलं. "तिला कवा सांगायला जमलं न्हाई मला. जा, आत जाऊन तुझ्या वहिनीला वाचून दाखव. मी हितंच हाय."