डोळ्याला न दिसणारं सोनं

दिग्रसहून यवतमाळला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या त्या पोरीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती सारखी मोबाईल बघे, आणि मधेच माझ्या तळहातावर बोटानं ठिपके काढून आपलं काम समजावे. सोनं असलेला वायू सोडायचा, त्यात इलेक्ट्रॉनचा झोत रोखायचा. झोत टेकेल तिथं सोन्याचा मनोरा उभा राहतो, केसाहून कितीतरी बारीक. पण त्यात कार्बन उरतो. या खेपेला तिनं पाण्याची वाफ देऊन तो काढला होता. तपासणीचा निकाल आज होता.

"कवाची करून राह्यली, आजी. आता तरी शुद्ध निघावं."

"किती तोळे हाय व?"

"डोळ्याले दिसत बी नाही!"

मी नवी नवरी असताना भर उन्हात पदर सारून विहिरीवर जायची, का तर गळ्यातली सोन्याची एकदाणी साऱ्या गावाला दिसावी. घागर घरीच विसरायची!

बोरी अरबला मोबाईल वाजला. "शुद्ध निघालं!" तिनं मला असं कवटाळलं की कंडक्टर धावत आला.

"काय झालं, आजी?"

"पोरीनं सोनं केलं!"

"कुठं हाय?" अख्खी एसटी आमच्यावर वाकली.

तिनं हसत रिकामा तळहात पुढं केला. "प्रयोगशाळेत हाय. हातात असतं तरी असंच दिसलं असतं."

तरी सगळ्यांनी तो हात निरखून पाहिला. मी तर चष्मा पुसून पाहिला.